नकाराला रकाना नव्हता

नोकरीच्या एकोणतीस वर्षांत मी किती ठराव लिहिले ते मोजलेलं नाही, पण ते सगळे सर्वानुमते मंजूर झाले होते. जिथे दोन सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, तिथे माझ्या वहीत कुणाचं कधी दुमत झालं नाही. नुसत्या वह्या वाचून कुणी मत बनवलं, तर त्याला वाटेल गडचिरोली जिल्ह्यात फक्त संत राहतात.

मी ग्रामसेवक होतो. आमच्या भागात लोक सचिव म्हणतात. ग्रामसभा भरवायची आणि तिचं इतिवृत्त लिहायचं, हे सचिवाचं काम. नियमाप्रमाणे आधी सभा होते, मग इतिवृत्त लिहिलं जातं. मी मात्र आदल्या दिवशी घरी चहा पीत ठराव लिहून ठेवायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी गावात वही फिरायची, लोक सह्या-अंगठे करायचे आणि मी पुढच्या गावाला निघायचो. चार गावं, एक मोटारसायकल आणि वरून रोज नवा अहवाल मागणारा फोन. त्यामुळे यात लबाडीपेक्षा घाई जास्त होती. लबाडी मुळीच नव्हती, असं मात्र म्हणवत नाही.

नोकरीतली गंमत म्हणजे माणूस समोर असला तरी तो आहे असं मला लिहून द्यावं लागायचं. निराधार योजनेतले म्हातारे दरवर्षी हयातीचा दाखला मागायला यायचे. एक म्हातारा दोन कोस चालत आला. मी त्याला म्हणालो, "कागदपत्रं आणली नाहीत बाबा, दाखला कसा देऊ?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मी जित्ता हाये हे तुले दिसून नाई राह्यलं का? का मी मेल्यावर कागद घेऊन येऊ?" मी निमूट दाखला लिहिला. माणूस आधी असतो आणि सरकार नंतर, हे इतक्या थोड्या शब्दांत मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

वाचलं मात्र होतं. नोकरी करता करता मी बाहेरून राज्यशास्त्रात एम.ए. केलं. गडचिरोलीत भाड्याच्या खोलीत बसून युरोपातल्या ज्ञानोदयाच्या काळावरच्या नोट्स पाठ केल्या. विषय थोडक्यात असा. फार काळ लोक समजत होते की राजा देवानं नेमलेला असतो आणि त्यानं दिलं तेवढंच प्रजेचं. सतराव्या-अठराव्या शतकात काही माणसांनी डोकं वापरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. राजाला नेमताना देवाला कुणी पाहिलं? राज्य चालतं ते लोकांनी तशी मुभा दिली म्हणून. मुभा दिलेली असेल, तर ती काढूनही घेता येते. सगळी सत्ता एका हातात आली तर तो हात बिघडतो, म्हणून ती वाटून ठेवावी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: माणसाचे काही हक्क सरकारनं दिलेले नसतातच, ते माणसाबरोबर जन्माला येतात. सरकार त्यांचं राखणदार, मालक नव्हे.

या विचारानं सिंहासनं उलथली, राज्यघटना लिहिल्या गेल्या. आपल्या घटनेतही त्याचा अंश आहे. मला परीक्षेत बरे गुण मिळाले. पण एक गोष्ट तेव्हाही खुपली होती. प्रत्येक माणसाचे हक्क सांगणाऱ्या त्या थोर लोकांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुरुष होते, तेही मालमत्तावाले. बायका हिशेबात नव्हत्या. आमच्यासारखे तर नकाशात सुद्धा नव्हते. उलट त्याच देशांपैकी एकानं पुढे आमच्या जंगलाला खुंट्या ठोकल्या आणि पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्यांना कागदावर अतिक्रमणवाले करून टाकलं.

हे सगळं मी पुस्तकासकट पेटीत ठेवलं होतं. ते बाहेर काढायला लावलं एका बाईनं.

गावाचं खरं नाव लिहीत नाही, मोहटोला म्हणू. अहेरीच्या बाजूला, एसटी जिथे सोडते तिथून पुढे जंगलातून सात किलोमीटर. गोंड लोकांची चाळीसेक घरं. वनहक्क कायद्याचं काम तेव्हा जोरात होतं. या कायद्यात जंगलात आधीपासून कसत असलेल्याला आपल्या जमिनीचा दावा करता येतो, आणि अख्ख्या गावाला आपल्या जंगलाचा. दोन्ही दाव्यांवर पहिला शब्द ग्रामसभेचा.

मोहटोल्याची एक बोडी होती, म्हणजे लहान तळं. धान लोंबीवर यायच्या वेळी ती आटायची. मागच्या हंगामात अर्ध्या गावाचा धान उभ्याउभ्या वाळला होता. वनहक्क समितीचा अध्यक्ष सैनू, चाळिशीचा, कामसू गडी. त्याचा धानही त्यातच गेला होता. त्यानं बेत आखला: सामूहिक दाव्यात बोडीच्या वरची जागा घ्यायची आणि पाळ, म्हणजे तिचा बांध, पुरुषभर उंच करायची. पाणी वरच्या अंगाला पसरलं असतं. त्या वरच्या अंगाला जुरीबाईची बांधी होती, म्हणजे धानाचा तुकडा. जुरीबाई विधवा, मूलबाळ नाही. तिचा वैयक्तिक दावा माझ्याच कपाटात पडून होता. गावाचा ठराव झाला की तो आपोआप बुडणार होता. बदल्यात तिचा दीर मुरा आपल्या वाट्यातला तुकडा तिला कसायला देणार होता. सगळ्यांना हे रास्त वाटत होतं. मलाही.

मी ठराव लिहूनच नेला होता. जिल्ह्याला हक्कवाटपाचा सोहळा ठरलेला, मोठे पाहुणे येणार होते; सोमवारी फायली पोचायला हव्या होत्या.

सभा गोटुलात होती. गावाची बसायची जागा, लाकडी खांबांवर गवताचं छप्पर. मला खुर्ची दिली, लोक खाली गोल बसले. मी ठराव वाचला. 'सर्वानुमते' हा शब्द आल्यावर गावाचा भूमिया, सगळ्यांत वडीलधारा माणूस, म्हणाला, "हे कधी ठरलं?"

"आता ठरेल ना बाबा."

"मंग आधी ठरू दे. लिवशीन मंग."

त्या गावची रीत अशी होती की भूमिया गोलातल्या एकेका घराला विचारत जातो. घरचा माणूस 'इंगो' म्हणतो, म्हणजे हो. किंवा 'हिल्ले', म्हणजे नाही. भूमिया फिरला. इंगो, इंगो, इंगो. जुरीबाईच्या घराचा इंगो तिचा दीर मुरा बोलला. ती मागे बायकांत बसली होती.

एवढ्यावर ठराव झाला असता. पण मला कोरम दाखवायचा होता. या कायद्यात निदान एक तृतीयांश बायका हजर लागतात आणि सभेत प्रत्येक प्रौढ माणूस स्वतंत्र धरला जातो. घर म्हणून कुणी नाही. मी आपला म्हणालो, "बाबा, बायकांनाही वेगळं विचारा. माझ्या कागदात तसं लागतं." तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं हो माझ्या मनात. मला फक्त रकाना भरायचा होता.

भूमियानं जरा विचार केला. "मानसागनिक विचाराचं म्हनते सरकार. विचारून पाहू." तो पुन्हा पहिल्यापासून फिरला. बायका एकमेकींना ढोसत, पदर तोंडाला लावत इंगो म्हणत गेल्या. जुरीबाईची पाळी आली.

"हिल्ले," ती म्हणाली.

मुरा उसळून म्हणाला, "आत्ताच त मी इंगो म्हनलो आपल्या घराचा!"

"तू तुह्या घराचा म्हनला असशीन."

एक हिल्ले आला की त्या गावात सभा उठते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसते. तोवर नाही म्हणणाऱ्याला कुणी टोचून बोलायचं नाही. सगळे उठले. मी खुर्चीवर बसूनच राहिलो, मांडीवर तयार ठराव.

अहेरीला येऊन वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "एका बाईचाच विरोध ना? हजर असलेल्यांचं साधं बहुमत पुरतं. नियम वाचा. 'बहुमताने' लिहा आणि फाईल आणा." नियम त्यांनी बरोबर सांगितला होता. मी 'सर्वानुमते'च्या जागी 'बहुमताने' लिहून नवा ठराव वहीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सैनूच्या घरी सहीसाठी गेलो. बोडी त्याचीच कल्पना. तो झटकन सही करेल, अशी माझी खात्री होती.

त्यानं वही हातात घेतली. "बहुमत म्हंजे काय सचिवभाऊ?"

"जास्त लोक ज्या बाजूनं, ते."

"अन् कमी लोकाइनं काय कराचं?"

"मान्य करायचं."

"काऊन? हरले म्हून ते गाव सोडून जातेत का? उद्या तेच बाई माह्या घरी चुलीले इस्तो मांगाले येईन. तिले काय तोंड दाखवू?" वही त्यानं परत माझ्या हातात दिली. "जुरीबाईले वाचून दाखवा. ते आयकून घेईन, मंग मी सही करतो."

पदाचा मान राखायचा तर मी जायला नको होतं. गेलो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे दिवस होते. जुरीबाई चिखलात पोटरीपर्यंत उभी होती. मी धुऱ्यावर उभा राहून ठराव वाचला. तिनं काम थांबवलं नाही, पण ऐकलं.

"यात माह्यं नाई म्हननं कुठी हाये?"

मी वहीकडे पाहिलं. सूचक होता, अनुमोदक होता, सह्यांची जागा होती. नाही म्हणणाऱ्या माणसासाठी जागाच नव्हती. अशी जागा ठेवता येते, नियमात बसते. एवढ्या वर्षांत मी ती एकदाही आखली नव्हती.

"बाई, तुला दुसरी बांधी मिळतेच आहे की," मी म्हणालो.

"त्याचा कागद कोनाच्या नावानं निंघन?"

"मुराच्या. जमीन त्याच्या दाव्यात आहे."

ती सरळ उभी राहिली. "लहान होती त बापाच्या नावानं होती. मंग नवऱ्याच्या नावानं. आता दिराच्या. हे झुडपं मी एकटीनं तोडले, मुळं मी काढले. एकट्या बाईच्या नावानं पट्टा भेटते म्हने कायद्यात. खरं हाये का?"

"खरं आहे."

"मंग माह्या वतीनं हो म्हनाले मुराले कोनं सांगतलं? मी त नाई सांगतलं. तुमाले सांगतलं का मी?"

या प्रश्नावर युरोपात जाडजूड ग्रंथ लिहिले गेले, माणसं तुरुंगात गेली, राजांची डोकी उडाली. माझ्या वतीनं बोलायचा अधिकार तुला कुणी दिला? त्या प्रश्नावर मी दहा गुणांचं उत्तर लिहून आलो होतो. तोच प्रश्न आता हातात रोपं धरलेली ती बाई मला थेट विचारत होती. मी टोपी काढली. ऊन होतं म्हणून काढली, असं मी स्वतःला सांगितलं.

इतिवृत्ताच्या वहीची पानं क्रमांकाची असतात, फाडता येत नाहीत. मी तिथेच धुऱ्यावर बसून ठरावावर लाल रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिलं: 'जुरीबाई यांचा नकार. कारण त्यांच्याच शब्दांत पुढीलप्रमाणे.' तिनं सांगितलं, मी लिहिलं. तिनं दोनदा दुरुस्त करायला लावलं.

पंधरा दिवसांनी सभा बसली. त्या गावची दुसरी रीत मला तेव्हा कळली. ज्याला ठराव सगळ्यात जास्त हवा असतो, त्यानंच आधी नाही म्हणणाऱ्याची बाजू मांडायची. नाही म्हणणाऱ्यानं 'इंगो, हेच माझं म्हणणं' असं म्हटल्याशिवाय त्याला स्वतःचं बोलता येत नाही. सैनू उभा राहिला.

"जुरीबाईचं म्हननं हाये का तिले बदल्यात मोठी जागा पाह्यजे."

"हिल्ले."

"मंग त्या बांधीत तिच्या मालकाची याद हाये. जीव गुतला तिचा."

"हिल्ले! त्यानं तिथी एक कुदळ नाई मारली. मोहाखाली झोपून राह्यचा."

बायकांत हसू फुटलं. सैनूही हसला. मग तो जुरीबाईकडे वळला.

"तिचं म्हननं असं हाये," तो शेवटी हळू बोलला, "का आपुन सगळ्याइनं तिच्याबद्दल ठरवलं, तिले विचारलं नाई. जागा देऊन राह्यलो, पन तिचं नाव काढून घेऊन राह्यलो. उभ्या जन्मात तिच्या एकटीच्या नावावर येनारी हे एकच गोष्ट हाये."

जुरीबाईनं मान वर केली. "इंगो."

"आता माह्यं बोलू शकतो," सैनू म्हणाला, "पन आता काय बोलू?"

यावर सगळे हसले, आणि त्यानंतर खरं बोलणं सुरू झालं. धान वाळतो हेही खरंच होतं. कुणीतरी म्हणालं, पाळ उंच करण्यापेक्षा बोडीचं पोट खोल करू. पाणी वर पसरणार नाही, खाली साठेल. काम दुप्पट, घरटी माणसं जास्त लागणार. मुरा कुरकुरला, "एका बाईसाठी सारं गाव खोदत बसन का?" मागून एक म्हातारी म्हणाली, "तुले नुसतं बसालेच येते, खोदनं आमी पाहू." ठरलं. पाळ तेवढीच, पोट खोल, जुरीबाईची बांधी तिच्या दाव्यात.

मोहटोला म्हणजे स्वर्ग असं मी सांगत नाही. मुरा पुढे वर्षभर वहिनीशी बोलला नाही. घरागणिक विचारायची ती जुनी रीत कितीही सुंदर असली, तरी तिच्यात जुरीबाई दिराच्या आवाजाखाली कित्येक वर्षं गाडली गेली होती. तिला वेगळं विचारायला दुरून, समुद्रापलीकडून आलेला एक विचार लागला. तो फिरत फिरत कायद्यात आला आणि माझ्या कोरमच्या रकान्यातून गोटुलात शिरला. पण त्या विचारालाही मोहटोल्यात काही नवीन भेटलं. नुसती मतं मोजली असती तर ती बाई हरली असती, आणि सगळं कायदेशीर झालं असतं. एकेका माणसाला विचारायचं हे आम्ही सांगितलं. तो नाही म्हणाला तर थांबायचं, हे त्यांना आधीपासून येत होतं.

सोमवारची फाईल अर्थातच गेली नाही. जिल्ह्यात सोहळा झाला. मंडप, हार, आणि 'वनहक्क वाटप' लिहिलेला फलक. कायदा हक्क मान्य करण्याचा आहे, म्हणजे हक्क आधीच होता, आम्ही उशिरा कबूल केला. मंचावर मात्र तो प्रसादासारखा वाटला गेला. मला विलंबाबद्दल आणि लाल रेघेबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. खुलाशात मी लिहिलं की एका व्यक्तीची हरकत नोंदवायची राहिली होती. कुणीतरी समासात शेरा मारून फाईल बंद केली. पुढे मोहटोल्याला दोन कागद आले. एकावर गावाचं नाव, दुसऱ्यावर फक्त जुरीबाईचं. तो कागद तिच्या हातात मी दिला. तिनं तो उलटासुलटा पाहिला, विचारलं, "यात दुसऱ्या कोनाचं नाव नाई ना?" आणि घडी घालून कमरेला खोवला.

हुरहूर एकच आहे. माझ्या बाकीच्या वह्या अजून त्या त्या कपाटांत असतील. त्यांतल्या 'सर्वानुमते'खाली किती हिल्ले दडपले गेले, ते आता कुणालाच कळणार नाही.

त्या दुसऱ्या सभेतली एक गोष्ट सांगायची राहिली. बोलणं संपल्यावर भूमिया शेवटची फेरी घ्यायला उठला. त्या दिवशी मी लिहायला सोपं जावं म्हणून खाली गोलातच बसलो होतो, जुरीबाईच्या शेजारी. इंगो, इंगो करत तो येत होता. जुरीबाई इंगो म्हणाली, अगदी मोठ्यानं. मग तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"अन् सरकारचं काय?"

"बाबा, मी इथला नाही. सरकारला या सभेत मत नसतं."

"मत नाई मांगून राह्यलो. इथी बसले तेवढ्याइले विचारलं, तुले काऊन सोडू? उद्या कागद घेऊन तूच येशीन अन् म्हनशीन, मले विचारलं नाई."

एकोणतीस वर्षं मी सरकारच्या वतीनं गावांना सांगत फिरलो. लोकांनी सरकारला अर्ज केले, विनवण्या केल्या, शिव्याही दिल्या. गोलात बसवून, बाकीच्यांसारखंच, तुझी संमती आहे का असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी वही बाजूला ठेवली.

"इंगो," मी म्हणालो.

भूमियानं मान हलवली आणि तो माझ्या पलीकडे बसलेल्या म्हातारीकडे वळला.